गिअरचा दांडा आणि त्याची लांबी

वसमत तालुक्यातले कुरुंदा हे गाव पुष्कळ मराठी वाचकांना नरहर कुरुंदकरांच्या आडनावातून माहीत असते. गाव हळदीच्या आणि उसाच्या पट्ट्यात आहे. टोकाई सहकारी साखर कारखाना कुरुंद्यालाच उभा राहिला. वसमतला पूर्णा कारखाना आहे. ऊसतोडीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर या भागात सगळेच पाहतात. चढ जवळ आला की जुन्या ट्रॅक्टरचा चालक काय करतो, हे विद्यार्थ्यांना मुद्दाम निरखायला सांगावे. तो चढाच्या आधीच खालचा गिअर टाकून ठेवतो. मधेच गिअर बदलायची वेळ आली तर बहुधा ट्रॅक्टर उभा करतो, लांब दांडा ओढतो आणि मग पुन्हा निघतो. चालत्या ट्रॅक्टरचा गिअर बदलायला गेले तर पेटीतून दात खाल्ल्यासारखा कर्र आवाज येतो.

आता दुसरे टोक पाहा. हातगिअरची स्पोर्ट्स कार बाळगणारा एखादा हौशी तरुण मूळ दांडा काढून त्या जागी आखूड पल्ल्याचा दांडा बसवायला निघतो. बाजारात त्याला 'शॉर्ट शिफ्टर' म्हणतात. मनगट जरा हलवले की गिअर पडला, अशी त्याची अपेक्षा असते. ट्रॅक्टरच्या आणि या तरुणाच्या दांड्यांमध्ये सुमारे १३० वर्षांचा इतिहास आहे. तो शाळेतल्या तरफेच्या धड्याने समजतो, पण फक्त तरफेच्या धड्याने समजत नाही. आणि तेवढ्याच धड्यावर भरवसा ठेवून दांडा विकत घेणाऱ्याची फसगत होते.

आधी गिअरपेटीत काय चालते ते थोडक्यात पाहू. इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या टप्प्यातच चांगले काम करते. चाकांना मात्र कधी जोर हवा असतो, कधी वेग. म्हणून मध्ये वेगवेगळ्या दातसंख्येची चक्रे घालतात आणि गरजेप्रमाणे एखादी जोडी कामाला लावतात. फ्रान्समधल्या पानार-लेव्हासोर कंपनीच्या एमिल लेव्हासोर यांनी १८९१ च्या सुमारास जी मांडणी रूढ केली तिच्यात इंजिन पुढे, त्यामागे क्लच आणि त्यामागे दंतचक्रे होती. दांडा ओढला की फिरणारे एक चक्र दांडीवरून सरकत दुसऱ्या फिरत्या चक्रात घुसे. दोन्हींचे वेग जुळले तर दात दातात बसत. न जुळले तर एकमेकांवर घासत. हे काम रानटी आहे, पण चालते, असे खुद्द लेव्हासोर म्हणत, अशी आख्यायिका आहे.

त्या काळी दांडा गाडीच्या बाहेर, चालकाच्या बाजूला हातब्रेकशेजारी असे आणि एका रेषेत पुढे-मागे सरके. म्हणजे पहिल्यावरून तिसऱ्यावर जायचे तर वाटेत दुसरा लागणारच. १९०१ च्या मर्सिडीज गाडीत इंग्रजी एच अक्षरासारख्या खाचांची चौकट आली आणि हवा तो गिअर थेट निवडता येऊ लागला. आजही दांड्याच्या गोळ्यावर कोरलेली आकृती तीच असते. दांडा लांबच राहिला. लोखंडी चक्रे जाड तेलातून सरकवायची, दात चुकले तर दाबून धरायचे, यासाठी जोर लागे. आणि जोर वाढवायचा तर तरफेचा हात लांब हवा.

येथून आपण पुन्हा मराठवाड्यात येऊ. कुरुंदा तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली हा वेगळा जिल्हा फार पुढे, १९९९ मध्ये झाला. या संस्थानात १९३२ च्या जूनमध्ये एक लक्षणीय गोष्ट घडली. निजामाच्या सरकारी रेल्वेने स्वतःचे रस्ता वाहतूक खाते सुरू केले, २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचाऱ्यांनिशी. भारतात सरकारी बससेवेचा इतका जुना नमुना क्वचितच सापडेल. मुंबई राज्यात पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ ला, म्हणजे १६ वर्षांनी. हैदराबादच्या त्या सुरुवातीच्या गाड्यांत स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या बस होत्या.

या बसगाड्यांचा गिअर टाकणे ही विद्या होती. वेग जुळवण्याची कोणतीही सोय पेटीत नव्हती. ती चालकाच्या कानात आणि पायात होती. आकडे घेऊन पाहू. समजा इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरते आहे आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आहे. तिसऱ्याचे गुणोत्तर दीड, चौथ्याचे एक. गाडीचा वेग तोच ठेवून चौथा टाकायचा, तर इंजिनाकडच्या चक्रांच्या फेऱ्या ३००० वरून २००० वर यायला हव्यात. क्लच दाबल्यावर इंजिन सुटते, पण क्लचची तबकडी आणि पेटीतली चक्रे जडत्वामुळे फिरतच राहतात. म्हणून चालक क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणी, क्लच सोडी, इंजिनाबरोबर फेऱ्या खाली येऊ देई, पुन्हा क्लच दाबून चौथा टाकी. खालच्या गिअरवर येताना उलट. न्यूट्रलमध्ये असतानाच अॅक्सिलरेटर किंचित दाबून फेऱ्या वाढवायच्या. यालाच 'डबल क्लच' म्हणतात. जुने चालक इंजिनाच्या सुरावरून हे करत. ज्याला जमत नसे त्याच्या हातात घाटातली गाडी कोणी देत नसे, कारण उतारावर न्यूट्रलमध्ये अडकलेली बस आवरायला फक्त ब्रेक उरतो.

या कौशल्याला उतरती कळा लागण्याची सोय अमेरिकेत १९२८ सालीच झालेली होती. अर्ल थॉम्पसन या अभियंत्याची सिंक्रोमेशची कल्पना त्या वर्षी कॅडिलॅक मोटारीत आली. कल्पना साधी आहे: दात एकमेकांत घुसण्याआधी दोन्ही भागांना घर्षणाने एका वेगावर आणायचे. त्यासाठी एका भागावर शंकूच्या आकाराचा पृष्ठभाग आणि दुसऱ्यावर तसाच पोकळ शंकू असतो. दांडा सरकला की आधी शंकू शंकूवर दाबला जातो, घर्षणाने वेग जुळतात, आणि मगच दात पुढे जातात. पुढे यात अडसराची कडी आली. वेग जुळेपर्यंत ती दातांची वाट अडवून धरते. चालकाने कितीही घाई केली तरी ती तत्त्वतः दाद देत नाही.

शंकूच का, सपाट तबकडी का नको? घरातले एकावर एक ठेवलेले स्टीलचे पेले आठवा. वरचा पेला जरा दाबला गेला तर असा रुतून बसतो की काढताना हात दुखतात. निमुळत्या भिंतींमुळे छोटा दाब भिंतीवर मोठा होतो. सिंक्रोमेशच्या शंकूची भिंत अक्षाशी साधारण साडेसहा अंशांचा कोन करते. त्या कोनाची साइन सुमारे ०.११, म्हणजे दाब जवळजवळ नऊपट होतो. मग कोन आणखी लहान केला तर आणखी फायदा? नाही. तेलात भिजलेल्या पितळी कडीचा पोलादाशी घर्षणांक ०.१ च्या आसपास असतो, आणि कोनाची टॅन त्याच्याखाली गेली की शंकू पेल्यांसारखे रुतून बसतात; गिअर सुटत नाही. साडेसहा अंशांची टॅन ०.११४. किती थोड्या फटीवर ही सारी रचना उभी आहे पाहा! विज्ञानाच्या शिक्षकांनी घर्षण शिकवताना हे उदाहरण वापरावे. घर्षण म्हणजे टाळायची गोष्ट असे आपण नकळत शिकवून जातो. येथे तर घर्षण कमी झाले की यंत्र बिघडते. गिअरपेटीत हाताला येईल ते तेल ओतू नये असे मेकॅनिक सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

सिंक्रोमेश मोटारींत लवकर रुळला, अवजड गाड्यांत बराच मागून आला. कारण उघड आहे. चक्रे जड, जडत्व जास्त, तेव्हा शंकूही मोठे हवेत आणि दाबही मोठा. मोटारींतही तो सगळ्या गिअरना एकदम मिळाला नाही. आपल्याकडच्या फिआट ११०० गाडीत दुसरा, तिसरा आणि चौथा सिंक्रोमेशचे होते, पहिला नव्हता. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो निमूट पडत नसे.

ही फिआट म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनत असे. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचे. ज्यांनी मुंबईची काळीपिवळी टॅक्सी पाहिली आहे, त्यांना तिचा गिअरचा दांडा आठवेल. तो जमिनीवर नव्हता, स्टिअरिंगच्या खांबावर होता. ही अमेरिकेची फॅशन. १९३९-४० च्या सुमारास तिकडे बहुतेक कंपन्यांनी दांडा जमिनीवरून उचलून खांबावर नेला. त्यामुळे पुढच्या लांबसडक बाकावर तिसरा माणूस बसू शकला. आपल्याकडे अॅम्बॅसेडर आणि फिआट दोघींनी तेच घेतले, आणि तिसरा काय, चौथाही बसू लागला!

पण खांबावरच्या दांड्यापासून पेटीपर्यंत जायला सळ्या, कोपरे आणि सांधे लागतात. प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई असते. नव्या गाडीत ती जाणवत नाही. वापराने सांधे झिजले की साऱ्या ढिलाईची बेरीज दांड्याच्या टोकाशी होते, तीही तरफेच्या गुणोत्तराने वाढून. आतल्या टोकाला एक मिलिमीटर ढिलाई असेल आणि गुणोत्तर सहा असेल, तर हातात सहा मिलिमीटरचा लटका खेळ येतो. जुन्या टॅक्सीत चालक गिअर शोधताना दिसे तो यामुळे. पद्मिनीचा दांडा जमिनीवर आणून देणारे मेकॅनिक पुढे निघाले आणि नंतरच्या काही पद्मिनी तर कारखान्यातूनच तशा आल्या. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

अमेरिकेत हीच तक्रार होती, पण तिथे तिचा धंदा झाला. जॉर्ज हर्स्ट यांच्या कंपनीने खांबावरचा ढिला दांडा काढून जमिनीवर बसवायचे घट्ट, अचूक दांडे बनवले. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओ या गाडीत तर हर्स्टचा दांडा कारखान्यातूनच येऊ लागला. मूळ दांडा काढून दुसरा बसवण्याची हौस तिथून जगभर पसरली. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या दांड्याची कीर्ती त्याच्या ठामपणाची होती; आखूडपणा हा त्यातला एक भाग. आज जाहिरातीत ठामपणा मागे पडला आहे आणि पल्ला किती टक्क्यांनी कमी झाला तो आकडा पुढे आला आहे.

तो आकडा आता तपासू. एक काल्पनिक पण व्यवहाराला धरून असलेला दांडा घ्या. त्याची एकूण लांबी २८० मिलिमीटर. टेकूच्या, म्हणजे मधल्या गोल सांध्याच्या वर २४० आणि खाली ४०. गुणोत्तर सहा. आतली सळई गिअर टाकायला १० मिलिमीटर सरकायला हवी, तर हाताचा गोळा ६० मिलिमीटर सरकेल. गोळ्यावर ४० न्यूटन बल लावले तर आत २४० न्यूटन पोचेल. पल्ला एक तृतीयांशाने कमी करायचा, म्हणजे गुणोत्तर चार करायचे. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, दांडा वरून कापायचा: वर १६०, खाली ४०. गुणोत्तर चार झाले, पण गोळा ८० मिलिमीटर खाली गेला, म्हणजे स्टिअरिंगवरून हात काढल्यावर जास्त लांब न्यावा लागणार. दुसरा मार्ग, एकूण लांबी तीच ठेवून टेकूच वर उचलायचा: वर २२४, खाली ५६. गुणोत्तर पुन्हा चार, आणि गोळा जागच्या जागी. चांगले शॉर्ट शिफ्टर बहुधा टेकूच्या खालची बाजू वाढवतात, ते याचसाठी. करवतीने दांडा कापून देणारा मेकॅनिक पहिला मार्ग धरतो. स्वस्त असतो, म्हणून.

दोन्ही मार्गांत आत २४० न्यूटन पोचवायचे तर आता हाताने ६० न्यूटन लावायला हवेत. कार्याचा हिशेब जुळतो: ४० न्यूटन गुणिले ६० मिलिमीटर म्हणजे २.४ ज्यूल, ६० गुणिले ४० म्हणजेही २.४ ज्यूल. वर्गात हे दाखवायला फूटपट्टी, टेकूला पेन्सिल आणि एक ताणकाटा पुरतो. पेन्सिल सरकवत जायचे आणि काट्यावरचे आकडे फळ्यावर लिहायचे. पल्ला ३० टक्के घटला तर बल १.४३ पट, निम्म्यावर आला तर दुप्पट, हे मुलांना स्वतःच सापडते.

तरफेचा धडा येथे संपतो आणि शंकूचा सुरू होतो. शॉर्ट शिफ्टरने गिअर लवकर पडतो असे म्हणतात. खरोखर पडतो का? वेग जुळवायला लागणारा काळ शंकूवरच्या बलावर अवलंबून आहे: बल निम्मे तर काळ दुप्पट, कारण चक्रांचा कोनीय संवेग बदलायचा आहे तेवढा बदलावाच लागतो. समजा मूळ दांड्याने, ४० न्यूटन लावून, ०.२ सेकंद लागतात. आखूड दांड्यावर हात त्याच जोराने दाबला तर आत १६० न्यूटनच पोचतील आणि काळ होईल ०.३ सेकंद. म्हणजे ०.१ सेकंदाचा तोटा. आता नफा पाहा. तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. पूर्वी १२० मिलिमीटर, आता ८०. हाताचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला तर ४० मिलिमीटरचे वाचले ०.०८ सेकंद. नफ्यापेक्षा तोटा जास्त! आकडे मी सोयीचे धरले आहेत, पण दिशा खरी आहे. आखूड दांडा वेळ वाचवतो तो हात जोराने दाबला तरच. आणि जोराने, धसक्याने दाबणे सवयीचे झाले की पितळी कड्या झिजतात. कड्या झिजल्या की अडसर ढिला पडतो, दात वेग जुळण्याआधीच पुढे जातात, आणि महागड्या गाडीतून तोच जुना कर्र आवाज येऊ लागतो. दांड्याच्या किमतीपेक्षा पेटी उघडण्याचा खर्च कितीतरी जास्त असतो.

दुसरा धोका याहून मोठा आहे. काही दांड्यांत पुढे-मागे जाण्याबरोबर आडवा पल्लाही घटतो. तिसऱ्या आणि पाचव्याच्या खाचा हाताला जवळजवळ येतात. चौथ्यावरून पाचवा टाकताना घाईत तिसरा पडला तर चाकेच इंजिनाला फिरवू लागतात, आणि इंजिनाच्या फेऱ्या त्याच्या मर्यादेपलीकडे जातात. फेऱ्यांवर मर्यादा घालणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा इंधन तोडू शकते. चाकांकडून येणारी गती तिला थांबवता येत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिन कायमचे निकामी होऊ शकते.

मग आखूड पल्ला वाईटच का? तसे नाही. १९८९ मध्ये आलेल्या जपानच्या माझ्दा एमएक्स-५ या छोट्या दोन आसनी गाडीचा दांडा जेमतेम दोन इंच सरके, आणि त्या गाडीचे कौतुक होते त्यात या दांड्याचा वाटा मोठा आहे. पण तिथे दांडा थेट गिअरपेटीवरच उभा आहे. मध्ये सळ्या नाहीत, म्हणून ढिलाई नाही. आणि दांडा, टेकू, शंकू हे एकमेकांच्या हिशेबाने आखलेले आहेत. ज्या गाड्यांत इंजिन आसनांच्या मागे असते त्यांची गोष्ट वेगळी. मुंबईच्या दिलीप छाब्रिया यांनी २०१२ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात दाखवलेली अवंती ही तशी स्पोर्ट्स कार होती; रेनॉचे दोन लिटरचे इंजिन मागे आणि सहा गिअर हाताचे. अशा मांडणीत दांड्यापासून पेटीपर्यंत साधारणपणे केबल जातात. केबल आपल्याच आवरणात घासते, ताणाखाली किंचित लांबते. अशा गाडीत दांडा आखूड केला तर वाढलेल्या बलाचा काही भाग केबलच खाऊन टाकते. म्हणून दांडा निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा, की माझ्या गाडीत दांड्यापासून पेटीपर्यंत काय जाते: काहीच नाही, सळ्या, की केबल?

पल्ल्यातली घट चौथा-पाचवा हिस्सा असेल तर हाताला फरक जाणवतो आणि शंकूवर फार अन्याय होत नाही, असे माझे मत. निम्म्याची जाहिरात पाहिली की मी पुढे वाचत नाही. रबरी बुशांच्या जागी धातूचे बुश देणाऱ्या दांड्यांत गिअर अचूक पडतो खरा, पण पेटीची थरथर आणि गुणगुण तळहातात येते. रोज गाडी चालवणाऱ्याने तिचा विचार करावा. गोळा जड घेण्याची युक्ती मात्र खरोखर उपयोगी आहे. जड गोळा एकदा चालू लागला की त्याचा संवेग शंकूवर दाब टिकवून धरायला मदत करतो, आणि हाताला धक्का कमी बसतो.

आणि या सगळ्याच्या आधी एक तपासणी. इंजिन बंद ठेवून, गिअर टाकून, गोळा दोन बोटांनी हलवावा. तो सैल हलत असेल, तर हाताला खटकणारी गोष्ट लांबी नसून झिजलेले बुश आहेत. आखूड दांड्याने हा खेळ मोजायला कमी होतो, कारण गुणोत्तर सहाचे चार झाले. झिजलेला सांधा तसाच राहतो आणि वाढलेल्या बलाखाली आणखी लवकर झिजतो. बुश बदलून आठवडाभर गाडी चालवावी, आणि त्यानंतरही दांडा लांब वाटला तर पट्टी घेऊन टेकूच्या वरचे आणि खालचे अंतर मोजावे.